दाण्यात साखर पोचते, तरी दाणा पोचट का राहतो?

ओंबी

दाणा भरतो कसा, याचं शाळेतलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पानात साखर तयार होते, ती कणसाकडे जाते, दाण्यात तिचा स्टार्च होतो. उत्तर बरोबरच आहे. पण त्याच्या पाठोपाठ एक समजूतही डोक्यात बसते की दाणा पोचट राहिला म्हणजे साखर कमी पडली. ती मला पटत नाही, निदान दर वेळी तरी नाही. म्हणून हा धागा.

भाताच्या लोंबीत मुख्य फांद्यांवरची वरची फुलं आधी उमलतात आणि त्यांचे दाणे झटपट भरतात. खालच्या दुय्यम फांद्यांवरची फुलं मागाहून येतात. त्यांचे दाणे रेंगाळतात, हलके राहतात, काही पोचटच जातात. भरगच्च लोंब्यांच्या जातींत हा प्रकार जास्त. या मागे पडलेल्या दाण्यांमधली विरघळलेली साखर सुरुवातीच्या दिवसांत मोजली, तर ती पुढे गेलेल्या दाण्यांपेक्षा अनेकदा कमी भरत नाही. साखर दाण्यात पडून आहे आणि दाणा ती हातात घेत नाही. भ्रूणपोष म्हणजे दाण्यातला स्टार्च साठवणारा भाग. त्याच्या पेशी सावकाश वाढतात, स्टार्च करणारी विकरं (एन्झाइम) सुस्त असतात.

तृणधान्याच्या दाण्यात साखर कच्चा माल असते आणि खबरही असते, असं माझं म्हणणं आहे. ती कुठल्या पेशीत, कोणत्या दिवशी आणि कोणत्या रूपात आहे यावरून दाण्याचं पुढचं वागणं ठरतं. पेशी वाढवायच्या, साठा सुरू करायचा, की सरळ आवरतं घ्यायचं.

गव्हाचा कोवळा दाणा, फुलोऱ्यानंतर दहा-बारा दिवसांचा, ब्लेडने आडवा कापून भिंगाखाली धरा. पोटाकडच्या खाचेच्या तळाशी रसवाहिन्यांचा जुडगा असतो. दाण्यात येणारी साखर त्याच वाटेने येते. त्याला लागून आईच्या ऊतींचा एक उंचवटा, मग अरुंद पोकळी, आणि पोकळीच्या पलीकडे भ्रूणपोषाच्या खास पेशी. शोषायला जागा जास्त मिळावी म्हणून त्यांच्या भित्ती आतून सुरकुतल्यासारख्या वाढलेल्या असतात. आईच्या पेशी आणि भ्रूणपोषाच्या पेशी यांच्यात थेट जोडवाट नाही. साखरेला आईच्या पेशीतून बाहेर उतरावं लागतं आणि पलीकडच्या पेशीत पुन्हा चढावं लागतं. जकातनाकाच म्हणा. मक्यात हाच नाका दाण्याच्या तळाशी, देठाजवळ असतो. सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, जसंच्या तसं आत घ्यायचं, की पेशीभित्तीतल्या इन्व्हर्टेज या विकराने फोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करून घ्यायचं, याचा निर्णय इथे लागतो.

मक्यात हे इन्व्हर्टेज बिघडलं तर? मिनिएचर१ हे मक्याचं जुनं उत्परिवर्तन. त्याचा बिघाड नेमका याच विकराच्या जनुकात आहे, हे १९९६ मध्ये दाखवलं गेलं. असा दाणा आपलं ७० ते ८० टक्के वजन गमावतो. पानं तीच, पुरवठा तोच, अडलं ते नाक्यावर.

साखरझोप

वाचतेय. ‘आवरतं घ्यायचं’ हे दाणा ठरवतो म्हणजे काय, ते सविस्तर लिहा.

तिरकस

लेख चांगला आहे, पण ‘साखर ही खबर’ हे मला काव्य वाटतं. ग्लुकोज वाढलं की ग्लुकोज वापरणाऱ्या प्रक्रिया जोरात चालणार, कमी झालं की मंदावणार. याला नुसतं रसायन म्हणता येतं. खबर म्हणायची तर ती वाचणारं कोणीतरी हवं, आणि ते साखर खाणाऱ्यापेक्षा वेगळं आहे हे दाखवता आलं पाहिजे. मिनिएचर१ मध्ये दाण्याला माल मिळाला नाही म्हणून तो बारीक राहिला. त्यात खबर कुठे आली?

प्रयोगवही

@तिरकस, आक्षेप रास्त आहे. या क्षेत्रात पहिली बरीच वर्षं याच प्रश्नावर गेली.

खाणारा आणि वाचणारा वेगळे करून दाखवणारा सगळ्यात सुबक प्रयोग २००३ मधला, अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपावरचा. हेक्सोकायनेज हे विकर ग्लुकोजला फॉस्फेट जोडतं, म्हणजे ग्लुकोज वापरात आणण्याची पहिली पायरी. संशोधकांनी त्यात असे बदल केले की ते ग्लुकोजला धरतं पण फॉस्फेट जोडू शकत नाही. खाणं बंद, ओळखणं चालू. ज्या रोपात मूळ हेक्सोकायनेज नव्हतं आणि जे ग्लुकोजला दाद देत नव्हतं, त्यात हे लुळं विकर घातल्यावर रोप पुन्हा दाद देऊ लागलं. नंतर भाताच्या दोन हेक्सोकायनेजांबाबतही (ओएसएचएक्सके५ आणि ओएसएचएक्सके६) असंच दिसलं.

दुसरा पुरावा मक्यातला, १९९२ चा. सुक्रोज सिंथेज या विकराची दोन जनुकं घ्या, श्रंकन१ आणि सस१. दोन्हींचं काम एकच, सुक्रोज फोडणं. मक्याच्या मुळांची टोकं वेगवेगळ्या साखरेच्या द्रावणात ठेवली, तर श्रंकन१ सर्वात जोरात चालतं ते ०.२ टक्क्यांच्या आसपासच्या फिकट द्रावणात आणि सस१ चालतं दहापट किंवा त्याहून जास्त साखरेत. नुसत्या ‘माल जास्त, काम जास्त’ या हिशोबात श्रंकन१ चं वागणं बसत नाही. टंचाईतलं जनुक वेगळं आणि सुकाळातलं वेगळं.

तिरकस

हेक्सोकायनेजचं मान्य. पण अरॅबिडॉप्सिसचं पान आणि मक्याचं मूळ म्हणजे दाणा नव्हे. धाग्याचं नाव काय आहे?

ओंबी

दाण्याकडेच येते.

तृणधान्याच्या भ्रूणपोषाची सुरुवात विचित्र असते. फलनानंतर केंद्रकं भराभर दुपटीने वाढत जातात, पण त्यांच्यामध्ये भित्ती नसतात. एकाच मोठ्या पिशवीत शेकडो केंद्रकं. काही दिवसांनी भित्ती पडतात, मग पेशी विभागत राहतात, आणि साधारण दोन आठवड्यांत पेशींची संख्या जवळपास ठरून जाते. दाणा किती स्टार्च मावून घेणार, याची कमाल मर्यादा इथेच पडते. त्यानंतर कितीही साखर आली तरी खोल्या वाढत नाहीत.

या पहिल्या टप्प्यात इन्व्हर्टेज जोरात असतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण जास्त. मग इन्व्हर्टेज ओसरतं, सुक्रोज सिंथेज चढतं, सुक्रोजचं पारडं जड होतं, आणि स्टार्च साठायला लागतो. फुटलेली साखर जास्त असेल तर विभाजन, अखंड सुक्रोज जास्त असेल तर साठवण, ही मांडणी जर्मनीतल्या गाटर्सलेबेनच्या संशोधकांनी मुळात बाकल्याच्या बियांवर केली आणि पुढे बार्लीच्या दाण्यावर नेली.

वाचणारं कोण, याचं दाण्यातलं एक उत्तर बार्लीतच आहे. २००३ मध्ये सुसिबा२ नावाचं प्रथिन सापडलं. ते डब्ल्यूआरकेवाय घराण्यातलं, म्हणजे जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांपैकी. सुक्रोज वाढलं की ते तयार होतं आणि स्टार्चच्या फांद्या नीट करणाऱ्या आयसोअमायलेज या विकराच्या जनुकासमोरच्या ‘साखर आली’ या खुणेवर जाऊन बसतं. ते स्वतः साखर फोडत नाही की जोडत नाही. फक्त वाचतं. २०१५ मध्ये हेच बार्लीचं जनुक भातात घातलं, तर दाण्यात आणि खोडात स्टार्च वाढला, आणि मुळांतून पाझरणारा कार्बन घटल्यामुळे चिखलातून निघणारा मिथेनही खूप कमी झाला. साखरेची खबर वाचणारं एक प्रथिन बदललं आणि अख्ख्या झाडाचा हिशोब फिरला!

आणि मग टी६पी. म्हणजे ट्रेहलोज-६-फॉस्फेट. यावर मी तासभर बोलू शकते, पण आटोपशीर लिहिते. यूडीपी-ग्लुकोज आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट हे पेशीतले दोन वर्दळीचे रेणू. ते जोडून टीपीएस हे विकर टी६पी बनवतं. टीपीपी हे दुसरं विकर त्यातला फॉस्फेट काढून साधं ट्रेहलोज करतं. सुक्रोज वाढलं की टी६पी वाढतं, उतरलं की उतरतं. इतकं पाठोपाठ, की या जोडीची तुलना आपल्या रक्तातल्या ग्लुकोज-इन्सुलिनशी केली जाते.

टी६पी दाबून ठेवतं ते स्नर्क१ या प्रथिनाला. ऊर्जेची टंचाई झाली की स्नर्क१ जागं होतं, वाढ थांबवतं आणि साठे मोडायला लावतं. @साखरझोप, ‘आवरतं घ्या’ म्हणणारं ते हेच. यीस्टमध्ये त्याचा भाऊबंद एसएनएफ१, आपल्या शरीरात एएमपीके. १९९१ मध्ये राय या धान्यातलं हे जनुक यीस्टच्या बिघडलेल्या पेशीत घातलं तेव्हा त्याने तिथलं काम निभावून नेलं होतं. २००९ मध्ये दाखवलं गेलं की वनस्पतींच्या कोवळ्या, वाढत्या ऊतींमध्ये टी६पी स्नर्क१ ला आवर घालतं. म्हणजे टी६पी भरपूर असेल तर पेशीला कळतं की साखर आहे, घाबरू नका, वाढा.

गव्हाच्या दाण्यात हे २०११ मध्ये मोजलं गेलं. फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात टी६पी प्रचंड, आणि दाणा भरायला लागला की ते धाडकन उतरतं. खोल्या बांधण्याच्या दिवसांत खबर सर्वात मोठ्या आवाजात असते.

आकडेमोड

प्रचंड म्हणजे किती? सुक्रोजच्या तुलनेत?

प्रयोगवही

सुक्रोज मोजतात मायक्रोमोलमध्ये, टी६पी नॅनोमोलमध्ये. फरक एकदम हजारपटींच्या घरातला. पहिल्या आठवड्यातल्या गव्हाच्या दाण्यात टी६पी ‘प्रचंड’ म्हणतो ते बाकीच्या ऊतींच्या मानाने. या रेणूचं दाण्यात सापडणं खाण्यासाठी नाही, हे तेवढ्यावरूनच कळतं. इतक्यात कोणाचं पोट भरणार?

मोजणं मात्र जिकिरीचं. दाणा ओंबीतून सोलून हातात खेळवत बसलात तर आकडे बिघडलेच समजा, कारण पेशीला टंचाई जाणवायला फार वेळ लागत नाही. म्हणून ओंबीच थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायची, मग गोठलेल्या अवस्थेतच दाणे वेगळे करायचे आणि खलात कुटायचे. खल, बत्ता, चमचा सगळं आधीच गार करून ठेवलेलं. गोठलेली भुकटी क्षणभर जरी वितळली तरी फॉस्फेट काढणारी विकरं कामाला लागतात. पुढे अर्क काढून द्रव क्रोमॅटोग्राफी आणि वस्तुमान वर्णपटमापीला जोडलेल्या यंत्रावर टी६पी वेगळं ओळखायचं. वेगळं अशासाठी की सुक्रोज-६-फॉस्फेटचं वजन अगदी तेवढंच असतं. ही पद्धत २००६ च्या सुमारास बसली आणि त्यानंतरच टी६पीचे आकडे विश्वासाने घेता येऊ लागले.

इतिहासाचं_पान

थोडं अवांतर. टी६पी बनवणारं विकर यीस्टमध्ये पहिल्यांदा सापडलं ते १९५३ मध्ये, अर्जेंटिनात लुइस लेलुआर यांच्या प्रयोगशाळेत. सुक्रोज सिंथेजही १९५५ मध्ये त्यांच्याच गटाने शोधलं, आणि ते गव्हाच्या अंकुरातून. यूडीपी-ग्लुकोज, एडीपी-ग्लुकोज, स्टार्च बनण्याची रीत, या धाग्यातले निम्मे रेणू त्याच छोट्या संस्थेतून आले आहेत. १९७० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना शर्करा-न्यूक्लिओटाइडांसाठीच मिळालं.

बांधावरून

ओंबीताई, अर्धं समजलं, अर्धं डोक्यावरून गेलं. माझा प्रश्न साधा आहे. मक्याचं कणीस सोललं की टोकाचे दोन-तीन इंच दाणेच नाहीत, किंवा कापसासारखे पांढरे चिमलेले. फुलोऱ्याच्या वेळी पाण्याची ओढ पडली की हे हमखास होतं. सगळे म्हणतात परागीभवन झालं नाही. तुमच्या हिशोबात हे कुठे बसतं?

ओंबी

दादा, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हा आहे.

आधी परागीभवन झालं की नाही ते तपासा, सोपं आहे. स्त्रीकेसर सुकायच्या आधी, परागकण पडल्यानंतर चार-पाच दिवसांनी एक कणीस तोडा, पानांचं आवरण सुरीने एका बाजूने उभं चिरून अलगद काढा आणि कणीस बुडाशी धरून हलवा. ज्या बीजांडाचं फलन झालंय त्याचा केसर दोन-तीन दिवसांत बुडाशी सुटतो आणि हलवल्यावर गळून पडतो. फलन नसेल झालं तर केसर चिकटून राहतो. टोकाचे केसर गळाले आणि तरीही पुढे तिथे दाणे चिमले, तर परागीभवनाला दोष देऊ नका. दाणा धरला होता, मागाहून सोडून दिला गेला.

टोकाचीच पाळी का येते? कारण टोकाचे केसर सर्वात शेवटी बाहेर येतात, तिथले दाणे वयाने लहान. तंगी आली की लहानांवर आधी संक्रांत.

आता साखरेकडे. १९९० च्या दशकात अमेरिकेत मक्यावर एक प्रयोगमाला झाली. फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी तोडलं की प्रकाशसंश्लेषण जवळपास थांबतं आणि बरेचसे कोवळे दाणे गळतात. संशोधकांनी पाणी न देता, झाडाच्या खोडात बारीक नळीने सुक्रोज सोडलं. झाड तहानलेलंच होतं, तरी बरेच दाणे वाचले. म्हणजे दाणे मेले ते तहानेने नव्हे, साखर तुटल्याने.

@तिरकस, आता तुम्ही म्हणाल, बघा, शेवटी पुरवठाच! पण पुढे वाचा. तहानलेल्या झाडात बीजांडातलं इन्व्हर्टेजही ढेपाळतं. एरवी देठाकडून आत ग्लुकोजची उतरंड असते आणि बीजांडाच्या भित्तीत थोडा स्टार्च साठलेला असतो. तंगीत ती उतरंड मोडते, स्टार्च संपतो, आणि मग म्हातारपणाची, पेशी मोडण्याची जनुकं चालू होतात. सुक्रोज सोडल्यावर ही जनुकं पुन्हा शांत झाली. उपाशी पेशी आपोआप विझत जाते, असं इथे घडत नाही. पेशीला खबर पोचते आणि ती मरण्याची तयारी स्वतः चालू करते. दाणा टाकून देणं हा निर्णय असतो. त्यामुळेच काही दिवसांनी पाणी दिलं तरी तो दाणा परत येत नाही.

सगळे दाणे वाचले नाहीत, हेही नोंदवते. खोडात साखर सोडून नाका पूर्ववत होत नाही.

बांधावरून

केसराची गोष्ट माहीत नव्हती. पुढच्या वेळी बघतो. धन्यवाद.

तिरकस

मक्याच्या प्रयोगाला मान देतो. पण माझ्याकडे दुसरा खडा आहे. टी६पी चांगलं, टी६पी म्हणजे ‘वाढा’, असं तुम्ही म्हणता. २०१५ मध्ये मक्यात टी६पी मोडणारं विकर जास्त घालून उत्पादन वाढवलं, आणि २०१६ मध्ये गव्हात टी६पी वाढवून दाणा मोठा केला, असं दोन्ही वाचल्याचं आठवतं. टी६पी घटवलं तरी फायदा, वाढवलं तरी फायदा? अशा सिद्धांताला काहीही सिद्ध करता येतं.

ओंबी

आठवण बरोबर आहे. विरोधाभास मात्र वरवरचा आहे, आणि धाग्याचा मुद्दाच त्यात आहे.

मक्यात भाताचं टीपीपी जनुक घातलं, पण झाडभर नाही. ज्या प्रवर्तकाच्या (जनुक कुठे आणि केव्हा चालणार ते ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) हाताखाली ते ठेवलं तो फुलोऱ्याच्या काळात कोवळ्या कणसात काम करतो, आणि पुढे पाहिलं तेव्हा ते विकर रसवाहिन्यांच्या सोबतच्या पेशींत जास्त मिळालं. तिथे टी६पी घटलं, म्हणजे त्या वाटेवरच्या पेशींना वाटलं साखर कमी आहे. मग साखर वाहून नेणारी स्वीट घराण्यातली जनुकं वाढली आणि फुलांकडे जास्त सुक्रोज ढकललं गेलं. शेतातल्या चाचण्यांत पाऊसपाणी ठीक किंवा किंचित कमी असताना उत्पादन ९ ते ४९ टक्के वाढलं, कडक टंचाईत ३१ ते १२३ टक्के. (१२३ टक्क्यांनी हुरळू नका. कडक टंचाईत तुलनेचं पीकच इतकं पडलेलं असतं की टक्केवारी फुगते.)

गव्हात टी६पी वाढवलं ते दाण्यात, फुलोऱ्यानंतर फवारा मारून. तिथे खबर ‘साखर आहे’ अशी गेली आणि दाण्याने स्टार्च जास्त केला. एका ठिकाणी वाहतूकदाराला टंचाई भासवली, दुसऱ्या ठिकाणी साठवणाऱ्याला सुकाळ. दोन्हींत साखर दाण्याकडे सरकली. एकच खबर, वाचणारे दोन.

याहून नेमका दाखला भातातला आहे, २००८ मधला. जीआयएफ१ हे पेशीभित्तीतल्या इन्व्हर्टेजचं जनुक. ते बिघडलं की दाणा अर्धवट भरतो. मग जास्त घातलं तर दाणा मोठा व्हायला हवा ना? त्याच्या स्वतःच्या प्रवर्तकाने चालवून जास्त केलं तर दाण्याचं वजन वाढलं. तेच जनुक सगळीकडे चालणाऱ्या प्रवर्तकाने किंवा वॅक्सी या दुसऱ्या जनुकाच्या प्रवर्तकाने चालवलं, तर दाणे लहान झाले! विकर तेच, काम तेच, फक्त जागा आणि वेळ चुकली.

माणसाने हे जनुकशास्त्र यायच्या कितीतरी आधी हाताने निवडलंय. जंगली भातापासून लागवडीचा भात होताना जीआयएफ१ वर निवडीचा ठसा दिसतो. मक्यात नाक्यावरून ग्लुकोज आत घेणाऱ्या झेडएमस्वीट४सी वर तसाच ठसा २०१५ मध्ये दाखवला गेला. मोठा दाणा राखून ठेवणाऱ्याने नकळत नाक्यावरचा पहारेकरी बदलला.

तिरकस

जीआयएफ१ चा दाखला आधी द्यायला हवा होतात, माझे दोन प्रतिसाद वाचले असते.

कोवळं_कणीस

एक प्रश्न. गोड मक्यात साखर इतकी असते, मग ती खबर दाणा वाचत नाही का? तिथे तर स्टार्चचा डोंगर व्हायला हवा.

प्रयोगवही

छान प्रश्न. तिथे दाणा खबर वाचतो, अगदी जोरात वाचतो, पण हात बांधलेले असतात.

खूप गोड मक्याच्या जातींत श्रंकन२ हे जनुक बिघडलेलं असतं. त्यातून एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज या विकराचा मोठा भाग बनतो. याला पुढे ‘एजीपी’ म्हणतो. १९६६ मध्ये श्रंकन२ च्या दाण्यात हे विकर जवळपास नाही, हे सापडलं आणि स्टार्च एडीपी-ग्लुकोजमधूनच होतो याला भक्कम आधार मिळाला. एजीपी नाही, म्हणून साखर स्टार्चकडे वळत नाही, साचत राहते, आणि वाळल्यावर दाणा आत बसतो. या साचलेल्या साखरेमुळे भ्रूणपोषातली साठवणीची बाकीची कितीतरी जनुकं नेहमीपेक्षा जास्त चालताना दिसली, १९९४ मध्ये.

एजीपीवर आणखी एक लगाम आहे, तो जनुकांचा नाही, थेट रसायनाचा. ३-फॉस्फोग्लिसरेट वाढलं की एजीपी चेततं, मोकळं फॉस्फेट वाढलं की दबतं. खबर येऊन जनुक चालू व्हायला काही तास जातात, हा लगाम तत्काळ चालतो. १९९६ मध्ये श्रंकन२ चं एक असं रूप मिळालं ज्याला फॉस्फेटचा दाब फारसा जाणवत नाही. त्या मक्याच्या बियांचं वजन ११ ते १८ टक्के जास्त भरलं.

तृणधान्यांची एक खासियतही इथेच सांगतो. पानांत किंवा बटाट्यात एजीपी प्लास्टिडच्या, म्हणजे पेशीतल्या स्टार्च साठवणाऱ्या कप्प्याच्या, आत असतं. तृणधान्याच्या भ्रूणपोषात त्याचा बहुतेक भाग बाहेर, पेशीद्रवात असतो. बाहेर असण्याचा फायदा असा की एजीपी एडीपी-ग्लुकोज बनवताना पायरोफॉस्फेट सोडतं, आणि सुक्रोज सिंथेजने दिलेलं यूडीपी-ग्लुकोज पुढे नेणाऱ्या विकराला नेमकं तेच पायरोफॉस्फेट लागतं. शेजारी शेजारी असल्याने ते वाया जात नाही. भरत्या दाण्याच्या आत ऑक्सिजन फार कमी असतो, त्यामुळे एटीपीची, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाची, चणचण असते. सुक्रोज इन्व्हर्टेजने फोडलं तर पुढे दोन्ही साखरांना फॉस्फेट जोडायला एटीपी खर्चावं लागतं. सुक्रोज सिंथेज फोडताना बंधातली ऊर्जा यूडीपी-ग्लुकोजमध्ये राखतं. ओंबी यांनी वर सांगितलेला इन्व्हर्टेजकडून सुक्रोज सिंथेजकडचा बदल या बाजूनेही बघता येतो.

आकडेमोड

उष्णतेचं काय? दाणे भरताना ऊन वाढलं की गहू हलका पडतो, ते साखर कमी पडल्याने की या विकरांमुळे?

प्रयोगवही

दोन्ही, पण विकरांचा वाटा मोठा. गव्हाच्या दाण्यातलं विरघळणारं स्टार्च सिंथेज साधारण २५ अंशांच्या वर ढिलं पडतं. दाण्यात सुक्रोज असतं, स्टार्च होत नाही. शिवाय उष्णतेने भरण्याचे दिवसच कमी होतात. भातात दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग पडतो तो याच सैल भरलेल्या स्टार्चचा.

बांधावरून

शेवटचं विचारतो. ते गव्हावरचं टी६पी फवारून केलं म्हणता ना? मग नुसतं साखरपाणी फवारलं तर नाही का चालणार?

ओंबी

नाही, दादा. पान आपली साखर स्वतः बनवतं. वरून फवारलेलं सुक्रोज पानाच्या मेणातून फारसं आत जात नाही, बुरशीची मात्र सोय होते. आणि अडचण साखरेच्या साठ्याची नसून दाण्याला ती ‘दिसण्याची’ असेल, तर साखर वाढवून उपयोग नाही.

टी६पीही तसंच फवारून चालत नाही. त्याच्यावर फॉस्फेटचा विद्युतभार असतो, पेशीचा पडदा त्याला आत घेत नाही. म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि इंग्लंडमधली रॉथॅमस्टेड ही शेती संशोधन संस्था इथल्या संशोधकांनी त्या भारावर रासायनिक झाकण बसवलं. झाकलेला रेणू पेशीत शिरतो, सूर्यप्रकाशाने झाकण तुटतं आणि आत टी६पी मोकळं होतं. २०१६ च्या कामात, बंदिस्त जागेत वाढवलेल्या गव्हाचे दाणे २० टक्क्यांपर्यंत मोठे झाले. @तिरकस यांनी कुंडीतल्या गव्हाबद्दल विचारायच्या आधीच सांगते, शेतातल्या चाचण्या अर्जेंटिना आणि मेक्सिकोत चार वर्षं झाल्या आणि २०२५ मध्ये त्यांचे आकडे आले. वाढ सरासरी १० टक्क्यांच्या आसपास.

तिरकस

विचारणारच होतो. २० चे १० झाले, म्हणजे शेतातल्या मानाने चांगलंच टिकलं. एक शंका उरते. दाणे मोठे झाले की प्रथिनाचं प्रमाण उतरतं, स्टार्चने पातळ होतं. गव्हात ते खपत नाही.

ओंबी

फवारा फुलोऱ्यानंतरचा, म्हणजे दाण्यांची संख्या ठरून गेल्यावरचा. त्यामुळे वाढ दाण्याच्या आकारात दिसते, आणि तुमची शंका तिथेच येते. पण टी६पीने फक्त स्टार्चची जनुकं हलत नाहीत, प्रथिन साठवण्याचीही हलतात. स्नर्क१ चा आवर दोन्हींवर असतो, कारण पेशीच्या दृष्टीने दोन्ही ‘साठवण’च. प्रथिनाला नायट्रोजन मात्र साखरेतून मिळत नाही. तो पान आणि खोडाने आधी साठवलेला हवा. खत कमी पडलेल्या शेतात फवारा मारला तर तुमची शंका खरी ठरू शकेल.